तीस पक्षी इस्तंबूलच्या गल्लीत

काही पुस्तकं पहिल्या भेटीत आपल्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवतात. ओरहान पामुक या तुर्की लेखकाच्या ‘द ब्लॅक बुक’ या कादंबरीनं माझी तीच गत केली होती. मूळ पुस्तक ‘कारा किताप’, म्हणजे ‘काळं पुस्तक’, या नावानं १९९० साली प्रसिद्ध झालं. त्याचा पहिला इंग्रजी अनुवाद १९९४ साली आला. माझ्या धाकट्या दिरानं ‘रहस्यकथा आहे, वाच’ म्हणून ते माझ्या हातात ठेवलं. रहस्यकथा म्हटल्यावर मी उत्साहानं बसले. शंभरेक पानं झाली, तरी ना पोलीस आले, ना पुरावे. एक बायको हरवली आहे आणि तिचा नवरा तिला शोधायचं सोडून वर्तमानपत्रातली जुनी सदरं वाचत बसला आहे! मी कंटाळून पुस्तक मिटलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी, पामुक यांना २००६ साली नोबेल पारितोषिक मिळालं तेव्हा, त्याच कादंबरीचा मॉरीन फ्रीली यांनी केलेला नवा अनुवाद हाती आला. मधल्या काळात मी थोडंफार फार्सी काव्य, अर्थात अनुवादातूनच, वाचलं होतं. या वेळी पुस्तक वाचताना वाटलं, अरे, ही गोष्ट आपल्याला ठाऊक आहे! ही तर पक्ष्यांची गोष्ट. ज्या कुलपाशी मी झटापट करत होते, त्याची किल्ली आठशे वर्षांपूर्वीच्या कवींच्या खिशात होती. त्या किल्लीबद्दल आज आपल्याशी बोलायचं आहे.

पक्ष्यांची यात्रा

इराणच्या ईशान्येला निशापूर नावाचं शहर आहे. बाराव्या शतकात तिथे फरीदुद्दीन अत्तार नावाचे कवी होऊन गेले. ‘अत्तार’ म्हणजे सुगंधी द्रव्यं आणि औषधं विकणारा. आपल्या ‘अत्तर’ या शब्दाचा हा सख्खा भाऊ. या अत्तारांनी ‘मंतिक-उत-तैर’ नावाचं एक दीर्घकाव्य लिहिलं. मंतिक म्हणजे बोली आणि तैर म्हणजे पक्षी. पक्ष्यांची बोली, असा त्याचा अर्थ.

गोष्ट अशी. जगातले सगळे पक्षी एकदा सभा भरवतात. प्रत्येक देशाला राजा आहे, मग आपल्यालाच का नाही, असा प्रश्न निघतो. हुदहुद नावाचा तुरेवाला पक्षी सांगतो, की आपल्यालाही राजा आहे. त्याचं नाव सीमुर्ग. तो काफ पर्वतापलीकडे राहतो. मात्र तिथवर जायची वाट अवघड आहे. हे ऐकताच एकेकाच्या सबबी सुरू होतात. बुलबुल म्हणतो, मला गुलाब सोडवत नाही. बदक म्हणतं, मला पाणी सोडवत नाही. लग्नकार्याला कोण कोण का येऊ शकत नाही याची यादी आपल्या घरात निघते, तसाच हा प्रकार! हुदहुद प्रत्येकाला उत्तर देतो, गोष्टीतून गोष्ट सांगतो आणि अखेर सगळे निघतात.

वाटेत सात दऱ्या लागतात. तलब, इश्क, मारिफत, इस्तिग्ना, तौहीद, हैरत आणि शेवटची फक्र व फना. शोध, प्रेम, ज्ञान, निरिच्छपणा, एकत्व, विस्मय, आणि शेवटी निष्कांचन होऊन विरून जाणं. ही नावं परकी वाटतात खरी, पण जरा कान देऊन ऐका. जुन्या दप्तरांत ‘तलब’ येतो, पगार किंवा बोलावणं या अर्थानं. ‘मारिफत’ म्हणजे ओळख, ज्ञान; तोच शब्द आपण ‘अमक्याच्या मार्फत पैसे पाठवले’ असं म्हणताना रोज वापरतो. ‘हैरत’चा भाऊबंद ‘हैराण’. ‘फक्र’पासून ‘फकीर’. आणि ‘फना’? पंगतीत लाडवांचा फन्ना उडवताना आपण सूफींचा सगळ्यांत मोठा शब्द तोंडी लावत असतो, याची आपल्याला कल्पनाही नसते. आपले कवी माधव ज्युलियन, म्हणजे फार्सीचे प्राध्यापक मा. त्र्यं. पटवर्धन, यांनी १९२५ साली ‘फार्शी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला. तो नुसता चाळला तरी या देवघेवीचा अंदाज येतो.

असो. हजारो पक्षी निघतात. कुणी थकतात, कुणी भितात, कुणी वाटेत मरतात. शेवटी पोचतात ते फक्त तीस. पिसं झडलेली, अंगात त्राण नाही. दारावरचा सेवक त्यांना आधी परतच लावू पाहतो. मग पडदे दूर होतात आणि ते तीस पक्षी सीमुर्गकडे बघतात, तर समोर ते स्वतःच! इथे फार्सी भाषेतली एक गंमत आहे. ‘सी’ म्हणजे तीस आणि ‘मुर्ग’ म्हणजे पक्षी. सीमुर्ग शोधायला निघालेले तीस पक्षी म्हणजेच सीमुर्ग. शब्दावरच्या एका कोटीवर अत्तारांनी अख्खं काव्य उभं केलं. शोधणारा आणि ज्याला शोधायचं तो, हे दोघे मुळात एकच होते, हे कळण्यासाठी मात्र सगळी वाट चालावी लागली.

दमास्कसचे रस्ते

दुसरी गोष्ट काव्यातली नाही, कवीच्या आयुष्यातली आहे. मौलाना जलालुद्दीन रूमी यांचा जन्म १२०७चा. त्यांचं घराणं बल्ख भागातलं. पुढे ते आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात स्थायिक झाले. मोठे विद्वान, शिष्यवर्ग मोठा. १२४४ साली त्या गावात शम्स तब्रेझी नावाचा एक भटका दरवेश आला आणि रूमींचं आयुष्य उलटंपालटं झालं. शिकवणं सुटलं, शिष्यांना भेटणं सुटलं. दोघे तासन् तास बोलत बसत. शिष्यांना हे खपेना. शम्स एकदा निघून गेला, रूमींच्या मुलानं त्याला दमास्कसहून समजूत घालून परत आणलं. पण १२४७-४८च्या सुमाराला तो पुन्हा नाहीसा झाला, तो कायमचा. त्याला मारून विहिरीत टाकलं, अशी कथा नंतर सांगितली जाऊ लागली. अभ्यासकांना ती फारशी मान्य नाही.

रूमी त्याला शोधायला दमास्कसला गेले. शम्स भेटला नाही. परंपरा असं सांगते, की शोधता शोधता रूमींना उमगलं, ज्याला मी शोधतो आहे तो माझ्यातच आहे. मग त्यांनी हजारो गझला रचल्या आणि त्यांतल्या कितीतरी गझलांच्या शेवटी, जिथे कवीनं स्वतःचं नाव घालायचं, तिथे शम्सचं नाव घातलं. तो संग्रहच ‘दीवान-ए-शम्स-ए-तब्रेझी’ म्हणून ओळखला जातो. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. एकनाथांची नाममुद्रा ‘एका जनार्दनी’ अशी आहे. शिष्यानं आपलं नाव गुरूच्या नावाला असं जोडलं, की सुटं करता येत नाही. रूमींनी एक पाऊल पुढे टाकलं. आपलं नाव काढूनच घेतलं.

वकील, बायको आणि सदरलेखक

आता ‘ब्लॅक बुक’कडे येऊ. काळ १९८०चा जानेवारी. इस्तंबूलमध्ये बर्फ पडतं आहे. रस्त्यांवर राजकीय खून होत आहेत आणि लष्करी बंड काही महिन्यांवर आलं आहे. गालिप नावाचा एक साधा वकील संध्याकाळी घरी येतो, तर बायको घर सोडून गेलेली. मागे एकोणीस शब्दांची चिठ्ठी. बायकोचं नाव रूया. ती त्याची चुलतबहीणही आहे, लहानपणापासूनची सोबतीण. तिचा सावत्र भाऊ जेलाल हा मोठा नावाजलेला सदरलेखक. सारं शहर सकाळी त्याचं सदर वाचतं. गालिपच्या लक्षात येतं, की जेलालही बेपत्ता आहे. दोघे एकत्रच असणार, या कयासानं तो शहर धुंडाळू लागतो. कादंबरीत एक प्रकरण गालिपच्या शोधाचं आणि एक जेलालच्या सदराचं, अशी वीण आहे.

नावांकडे बघा. तुर्कीत ‘जेलाल’ म्हणजे आपलं ‘जलाल’. जलालुद्दीन रूमींचंच नाव. त्याचं आडनाव सालिक. सूफींच्या भाषेत सालिक म्हणजे मार्गावर निघालेला वाटसरू. रूया म्हणजे स्वप्न. आणि गालिप? इथे आपल्या मिर्झा गालिबशी गल्लत करू नका. हा दुसरा गालिप, अठराव्या शतकातला तुर्की कवी शेख गालिप. इस्तंबूलच्या गलाता भागात रूमींच्या पंथाचा जो मठ होता, त्याचा तो प्रमुख होता. १७९९ साली तो वारला. त्याचं प्रसिद्ध काव्य ‘हुस्न-ओ-इश्क’, म्हणजे सौंदर्य आणि प्रेम. एका टोळीत एकाच वेळी जन्मलेली दोन मुलं, मुलगी हुस्न आणि मुलगा इश्क. इश्कला हुस्न हवी असते. टोळीतले वडीलधारे त्याला ‘हृदयाच्या देशा’त जाऊन किमया घेऊन यायला सांगतात. तो अनंत संकटांतून तिथे पोचतो आणि त्याला कळतं, की हुस्न त्याच्यापासून कधी वेगळी नव्हतीच.

आता कादंबरीत काय घडतं पाहा. गालिप आणि रूया एकाच घरात वाढलेली मुलं. कुटुंबाची जुनी इमारत निशान्ताशी या वस्तीत आहे आणि तिचं नाव आहे ‘शेहरीकाल्प’, हृदयाचं शहर! गालिप बर्फातून, पुलांवरून, गल्लीबोळांतून, मशिदींतून, तळघरांतून जेलालला शोधत फिरतो. आणि जेलालची गुप्त जागा सापडते कुठे? त्याच जुन्या इमारतीत. रूमींच्या ‘मसनवी’त बगदादच्या एका माणसाची गोष्ट आहे. स्वप्नात ऐकून तो खजिन्यासाठी कैरोला जातो. तिथे पकडला जातो आणि पहारेकऱ्याच्या तोंडून त्याला कळतं, की खजिना बगदादला त्याच्या स्वतःच्याच घरात पुरलेला आहे. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं आपण हसून म्हणतो. सूफी कवी म्हणतो, वळसा घातल्याशिवाय कळसा दिसतच नाही.

गालिप त्या घरात शिरतो आणि तिथेच राहू लागतो. जेलालचे कपडे घालतो, त्याच्या पलंगावर झोपतो, त्याचे फोन घेतो. आणि एके दिवशी टेबलाशी बसून जेलालच्या नावानं सदर लिहितो. ते छापूनही येतं. आयुष्यभर ज्याचा हेवा केला, त्याच्या शब्दांत तो बोलू लागतो. दमास्कसहून परतलेल्या रूमींनी शम्सच्या नावानं गझल लिहिली, तीच ही घटना. फक्त खानकाहच्या जागी वर्तमानपत्राचं कार्यालय आलं आहे.

पामुक हा धागा पूर्ण लपवतही नाहीत. जेलालचं एक सदरच ‘शम्स तब्रेझीचा खून कुणी केला?’ या विषयावर आहे आणि त्यात तो संशय थेट रूमींवरच घेतो! ज्याला शोधायचं तो सापडला, तर शोध संपतो आणि काव्यही संपतं, असा काहीसा त्याचा तर्क आहे. भाविकाला हे पाखंड वाटेल. पण कादंबरीचा पुढचा सगळा उलगडा या एका सदरात दडलेला आहे.

आरशाची भिंत

आणखी एकच उदाहरण देते. ‘मसनवी’त चिनी आणि रूमी, म्हणजे ग्रीक, चित्रकारांच्या स्पर्धेची गोष्ट आहे. एकाच दालनात समोरासमोर दोन भिंती, मधे पडदा. चिनी चित्रकार शेकडो रंग मागवून अप्रतिम चित्र काढतात. ग्रीक रंग मागतच नाहीत. ते आपली भिंत नुसती घासतात, चकचकीत करतात. पडदा दूर होतो, तेव्हा समोरचं चित्र त्या भिंतीत उतरतं आणि मुळाहून सुंदर दिसतं. मन स्वच्छ घासलं की सगळं त्यात उतरतं, हा रूमींचा बोध.

पामुक हीच गोष्ट उचलून इस्तंबूलच्या बेयोग्लू भागात नेतात. तिथला एक गुंड आपल्या धंद्याच्या जागेत शहराची चित्रं काढून घ्यायची ठरवतो आणि दोन चित्रकारांत स्पर्धा लावतो. एक शहराचं चित्र काढतो, दुसरा समोर आरसा बसवतो. इथवर गोष्ट रूमींची. पण पामुकच्या आरशात बिंब जसंच्या तसं उमटत नाही. मूळ चित्रातल्या गोष्टी आरशात काही वेगळंच सुचवतात, आणि गिऱ्हाइकं चित्राकडून आरशाकडे, आरशाकडून चित्राकडे येरझाऱ्या घालत राहतात. रूमींच्या आरशात सत्य दिसतं. पामुकच्या आरशात कोडं दिसतं. उसनं घेतलेल्या गोष्टीचं लेखकानं काय केलं, हे या एका उदाहरणात नीट कळतं.

हे उसनं घेणं म्हणजे चोरी का? शेख गालिपनं आपल्या काव्यात याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. आपण रूमींचं धन घेतल्याची तो उघड कबुली देतो, आणि ते सगळ्यांच्या मालकीचं होतं असंही बजावतो. रूमींनी अत्तारांकडून घेतलं, शेख गालिपनं रूमींकडून, पामुकनी तिघांकडून. विहीर गावाची असते, पोहरा ज्याचा त्याचा.

मुंबईमार्गे परतीची वाट

पण एक प्रश्न उरतो. तुर्की लेखकानं तुर्कस्तानातल्या परंपरेकडे वळावं, यात एवढं विशेष काय? विशेष हे, की ती वाट मधे तुटली होती. तुर्कस्तानात प्रजासत्ताक आल्यावर १९२५ साली दरवेशांचे मठ कायद्यानं बंद झाले. १९२८ साली अरबी लिपी जाऊन रोमन लिपी आली. एका पिढीत असं झालं, की आजोबांची वही नातवाला वाचता येईना. आपल्याकडे मोडीचं झालं, त्यावरून थोडी कल्पना करता येईल. माझ्या माहेरी पत्र्याच्या पेटीत मोडीतले कागद आहेत. खरेदीखतं आहेत की पत्रं, आमच्यापैकी कुणालाही सांगता येत नाही. तुर्कस्तानात एका पेटीचं नव्हे, सगळ्या वाङ्मयाचं तसं झालं.

पामुक १९५२ साली इस्तंबूलच्या एका सुखवस्तू, पाश्चात्त्य वळणाच्या घरात जन्मले. जुनं सूफी वाङ्मय त्या वर्तुळात मागासलेपणाची खूण समजलं जाई. १९८५ ते १९८८ या काळात ते न्यूयॉर्कला होते. बोर्हेस आणि काल्विनो या लेखकांना वाचून आपल्याच जुन्या गोष्टींकडे मोकळ्या मनानं बघायला आपण शिकलो, असं त्यांनी मुलाखतीत सांगितलं आहे.

आणि बोर्हेसची वाट कुठून जाते? आपल्या मुंबईतून! अर्जेंटिनाच्या या लेखकानं १९३६ साली ‘अल्-मुतासिमकडे’ अशा अर्थाच्या नावाची एक कथा प्रसिद्ध केली. ती आहे एका काल्पनिक कादंबरीच्या परीक्षणाच्या रूपात. त्या कादंबरीचा लेखक मुंबईचा एक वकील, नायक मुंबईतला कायद्याचा विद्यार्थी. मोहरमच्या दंगलीत त्याच्या हातून खून होतो, तो पळतो आणि माणसामाणसांत उमटलेल्या एका अज्ञात पुण्यपुरुषाच्या खुणा शोधत हिंदुस्थानभर फिरतो. या कथेच्या शेवटच्या टिपेत बोर्हेस अत्तारांच्या तीस पक्ष्यांची गोष्ट सांगतात. निशापूरचे पक्षी ब्युनोस आयर्सला गेले, तिथून मुंबईच्या आकाशात फिरले आणि न्यूयॉर्कमार्गे इस्तंबूलला परतले. मुंबईतच जन्मलेल्या सलमान रश्दी यांनी १९७५ साली आपल्या पहिल्या कादंबरीला ‘ग्रिमस’ नाव दिलं, तीही सीमुर्गचीच अक्षरं फिरवून. पुढे एलिफ शफाक यांच्या ‘द फॉर्टी रूल्स ऑफ लव्ह’मध्ये, जिची इंग्रजी आवृत्ती २०१० साली आली, रूमी आणि शम्स स्वतःच पात्रं म्हणून आले.

या सगळ्यांत मला पामुक वेगळे वाटतात, ते त्यांनी शेवट बदलला म्हणून.

हिशेबात राहिलेली बाकी

अत्तारांच्या काव्यात तीस पक्षी सीमुर्ग होतात, तेव्हा सगळं मिळालेलं असतं. कुणी काही हरवून बसलं, असं वाटत नाही. ‘ब्लॅक बुक’मध्ये गालिप जेलाल होतो, पण दरम्यान जेलालला रस्त्यात गोळ्या घातल्या जातात आणि रूयाचं प्रेत जवळच्या अल्लादीनच्या दुकानात सापडतं. खुनी कोण, याचा खात्रीलायक छडा लागत नाही. गालिप पुढेही जेलालच्या नावानं लिहीत राहतो. त्याला त्याचा आवाज सापडला. बायको सापडली नाही. कादंबरीच्या शेवटी त्याला जे उरतं, ते लिहिणं.

पहिल्या वाचनात मला हे क्रूर वाटलं असतं. दुसऱ्या वेळी तसं वाटलं नाही, याचं कारण घरगुती आहे. माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. कोकणात माझी आत्या राहायची, तिला ते दर पंधरवड्याला अंतर्देशीय पत्र लिहायचे. ते काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला ते सांगायचे, मी लिहायची. पुढे बोलणंही जड झालं. मग ते म्हणायचे, ‘तूच लिही काय ते.’ मी लिहायची. ‘चि. सौ. माईस’ म्हणून सुरुवात, पाऊसपाण्याची चौकशी, कुणाच्या तरी नावानं चिमटा आणि शेवटी ‘अण्णा’. अशी दोन वर्षं गेली. अण्णा गेले. काही वर्षांनी आत्यानं ती सगळी पत्रं मला आणून दिली. मी वाचायला बसले आणि घाबरले. अक्षर सगळीकडे माझंच, पण कुठलं वाक्य त्यांनी सांगितलेलं आणि कुठलं मी रचलेलं, हे मलाच सांगता येईना.

आत्याला विचारलं, ‘तुला कळत होतं का गं?’ ती म्हणाली, ‘कळायचं काय त्यात? तो बोलत होता, एवढं पुरे होतं मला.’

अण्णांची बोलण्याची ढब अजून माझ्या लिहिण्यात येते. आज आपल्याशी बोलतानाही आली असेल. पण म्हणून अण्णा परत आले, असं मला म्हणता येत नाही. रूमींना म्हणता आलं, ही त्यांची थोरवी. पामुक इथे थांबतात. दुसरा माणूस आपल्यात उतरतो, हे त्यांना मान्य आहे. पण ज्या माणसापायी हे घडलं तो मात्र नसतो, आणि ही बाकी ते हिशेबातून पुसत नाहीत. जुन्या काव्याचा एवढा सांगाडा उचलूनही ही कादंबरी आपल्या काळाची वाटते, ती त्यामुळे.

उलट बाजूही त्यांनी दाखवली आहे. कादंबरीच्या अखेरीला एका उस्मानी शाहजाद्याची गोष्ट येते. त्याला फक्त स्वतःसारखं व्हायचं असतं. म्हणून तो ज्यांचा ज्यांचा आपल्यावर प्रभाव आहे, ते सगळं काढून टाकतो. आवडती पुस्तकं जाळतो, सामानसुमान, आठवणी, सगळं. वर्षानुवर्षं तो लेखनिकाला मजकूर सांगत बसतो आणि अखेर रिकाम्या वाड्यात मरतो. दुसऱ्यांना पूर्ण पुसून टाकलं, की आपण उरतोच असं नाही, हे पामुक त्या शाहजाद्याकडून वदवतात. एकीकडे गालिप, दुसरीकडे शाहजादा. या दोघांच्या मधे कुठेतरी आपण सगळे असतो. शाळेतल्या एखाद्या बाईंचं हस्ताक्षर, आईची म्हण, वाचलेल्या कवीची लय, हे सगळं बरोबर घेऊन आपण ‘मी’ म्हणत असतो.

तेव्हा ‘ब्लॅक बुक’ हाती आलं, तर माझ्यासारखं शंभराव्या पानावर मिटू नका. खुनी कोण, हा प्रश्न बाजूला ठेवा. आधी अत्तारांच्या पक्ष्यांची गोष्ट वाचा, मग रूमी आणि शम्सची, आणि त्यानंतर गालिपबरोबर बर्फात चालायला लागा. वाट लांब आहे, मधे हैराण व्हायला होतं. सातांतल्या सहाव्या दरीचं नावच ते आहे, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)